मंडईच्या दिवशीचं विमान

भंडारा

कोचीहून परत आल्यापासून जो तो विचारतो, कशा गेलात? विमानाने गेलो म्हटलं की पुढचा प्रश्न तयारच असतो, तिकिटाचे किती पडले? जवळजवळ काहीच नाही, म्हटलं की माणसं माझ्याकडे संशयाने बघतात. म्हणून हे एकदा नीट लिहून काढते. ज्यांना विमानात बसायचं आहे त्यांनी वाचावं, आणि ज्यांना माझं वागणं पटलं नाही त्यांनी तर जरूर वाचावं.

आमचं भंडाऱ्यात साड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांच्या वेळेपर्यंत घरी हातमाग होते. आता आम्ही विणकरांना सूत पुरवतो आणि त्यांच्याकडून टसरच्या साड्या घेऊन विकतो. दुकान माझ्या नावावर आहे, कारण बाईच्या नावावर केलं की काही सवलत मिळत होती. त्यामुळे बँकेचं क्रेडिट कार्डही माझ्याच नावावर आलं. सुताची सगळी खरेदी त्या कार्डावर होते आणि खरेदीवर बँक पॉइंट देते. आजवर त्या पॉइंटांतून आमच्या घरी मिक्सर आले, इस्त्री आली, झाकण न बसणारे डबे आले. मिक्सर तर दोन आले. दुसरा अजून खोक्यातच आहे.

एकदा नागपूरची एक गिऱ्हाईक दुकानात आली. साड्या बघता बघता तिने विचारलं, या कार्डाच्या पॉइंटांचं काय करता? मी मिक्सरचं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला आणि गादीवर मांडी घालून मला शिकवणीच दिली. हे पॉइंट बँकेतून विमान कंपनीच्या खात्यात हलवता येतात. कंपन्या थोड्या जागा पॉइंटवाल्यांसाठी ठेवतात, आणि तशी जागा सापडली तर मिक्सरच्या पॉइंटांत माणूस देशाच्या दुसऱ्या टोकाला जातो. फक्त एकदा बँकेतून निघालेले पॉइंट बँकेत परत येत नाहीत. तिकीट रद्द केलं तरी ते विमान कंपनीच्याच खात्यात पडून राहतात. म्हणून आधी जागा बघायची, मग पॉइंट हलवायचे. बँक अधूनमधून बोनस देते, तेव्हा हलवले तर जास्त मिळतात. पण बोनसची वाट बघत बसलं तर जागा जाते, नाहीतर कंपनी जागेचा भाव वाढवते. म्हणजे कधी हलवायचे हे शेवटी आपल्या छातीवर आहे, असं ती म्हणाली.

तिला जी भीतीची गोष्ट वाटत होती, तीच मला आवडली. आमच्या घरात मी माझं म्हणून काही बाजूला ठेवलं की आठवड्याभरात ते दुकानाचं होतं. हे पॉइंट एकदा हलवले की उडण्याशिवाय त्यांचा दुसरा उपयोगच नाही. त्यातून दुकानाला पंखा आणता येणार नाही की गादीला खोळ. झालं, माझं ठरलं.

कोणाला उडवायचं, हेही ठरलेलं होतं. माझी मोठी बहीण, तिला आम्ही बाई म्हणतो, सानगडीला दिली आहे. घरचं धान, घरचा व्यापार, माणसांचं येणंजाणं. तिची लेक पल्लवी नर्सिंग शिकायला बाहेर गेली, तिथेच नोकरीला लागली आणि केरळच्या मुलाशी तिने आपल्या मनाने लग्न केलं. भाऊजींनी घरात सांगून टाकलं, त्या पोरीचं नाव काढायचं नाही. झाली त्याला सहा वर्षं. बाईने नात फोनवर पाहिली, तीही भाऊजी वावरात गेल्यावर, मागच्या अंगणात उभी राहून.

बाहेरच्या वाचकांना मंडई माहीत नसेल म्हणून सांगते. दिवाळी झाली, धान कापणीला आलं, की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडाऱ्याकडच्या या धानाच्या मुलखात, गावोगाव मंडई भरते. ही एक जत्राच, पण देवापेक्षा पाहुण्यांची जास्त. दिवसा बाजार आणि पाळणे, रात्री नाटक. एका गावाची मंडई शेजारच्या गावाच्या मंडईवर येऊ नये म्हणून प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्या दिवशी गावच्या सगळ्या लेकी माहेरी येतात. लेकीला मंडईचं बोलावणं नाही, म्हणजे तिला माहेर नाही. पल्लवीला सहा मंडयांत एकदाही बोलावणं गेलं नाही.

यंदा पल्लवीच्या नवऱ्याला मस्कतला नोकरी लागली आणि सगळं बिऱ्हाड हलायचं ठरलं, दिवाळीनंतर महिन्याभरात. बाईने मला फोन केला. म्हणाली, "मिने, पोरगी समुद्रापार चालली. एकदा तिले डोळ्यानं पाहू दे." रेल्वेने एक दिवस आणि एक रात्र बसून जाणं तिच्या कमरेला झेपणारं नाही. विमानाचं तिकीट काढायचं तर भाऊजींकडे मागायला हवं, आणि मागायचं तर कशाला ते सांगायला हवं. माझे पॉइंट मात्र कोणाला विचारून खर्च करायचे नव्हते.

मग रोज सकाळी चहा उकळेपर्यंत मी फोनवर जागा शोधायला लागले. एक दिवस नागपूर ते कोची, मुंबईला विमान बदलून, दोन जागा दिसल्या. परतीच्याही होत्या. मी आधी भाऊजींना फोन लावला. ते मंडईच्या कमिटीत आहेत. यंदा मंडई कधी, म्हणून सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, विचारतेस काय, भाऊबीजेनंतरच्या पहिल्या बाजाराला, आजोबांच्या काळापासून तेच चालत आलं आहे. विमान त्यानंतर दोन दिवसांनी होतं. म्हणजे मंडई आटपायची, पाहुणे वाटेला लावायचे, मग भाऊजींना सांगायचं आणि निघायचं. बाईला मी एवढंच कळवलं, की मंडई झाली की निघायचं आहे.

आमचे हे म्हणाले, थांब. दिवाळीत बँक काही ना काही देतेच, बोनस आल्यावर हलव. यांचा सगळा जन्म भाव उतरायची वाट बघण्यात गेला आहे. मी म्हटलं, भाव उतरेपर्यंत गिऱ्हाईक मस्कतला जाईल. आणि बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी पॉइंट पोहोचले, जागा शाबूत होत्या, दोन्ही घेतल्या. त्याच संध्याकाळी बँकेचा बोनसचा मेसेज आला. यांनी तो जेवताना मोठ्याने वाचला, आणि हात धुऊन आल्यावर पुन्हा वाचला. मी म्हटलं, वाचा, शेजाऱ्यांनाही ऐकू जाऊ द्या.

पवनी

मंडईच्या ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी मी एसटीने पवनीला गेले. तिथल्या एका विणकराकडे करवतकाठी, म्हणजे काठावर करवतीसारखे दाते असलेली, साडी विणायला टाकली होती. लेक मंडईला आली की तिला साडीचोळी करतात. लेक येत नाही, तर साडी तिच्याकडे नेऊ, असं बाईचं म्हणणं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्यांमध्ये धान पिवळं होऊन वाकलं होतं आणि जागोजागी कापणी सुरू होती. पवनीच्या अलीकडे वैनगंगा आता धरणामुळे बारा महिने भरलेली असते. इतकं पाणी बघायची माझ्या डोळ्यांना अजून सवय झालेली नाही.

साडी देखणी झाली होती. टसरचा मूळ मधासारखा रंग आणि लाल काठ. विणकराच्या बायकोने ती माझ्या हातात दिली आणि कोणाच्या लग्नाची, म्हणून विचारलं. मी म्हटलं, सहा वर्षांपूर्वी झालेल्या. ती हसली, पुढे काही विचारलं नाही. तिने मला जेवायला बसवलं. भात, वांग्याची भाजी, वरून भरपूर सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि असा ठेचा की डोळ्यांतून धार लागली. पुण्यामुंबईचे लोक तिखट तिखट म्हणून जे खातात, त्याला आमच्याकडे गोडच म्हणतील.

जेवून स्टँडवर आले. लाखांदूरच्या गाडीला वेळ होता म्हणून भिंतीवरचे नाटकांचे पोस्टर वाचत उभी राहिले. मंडईच्या दिवसांत आमच्याकडच्या भिंती या पोस्टरांनी भरून जातात. कुंकू, सूड, सावत्र आई, सगळं एकाच भिंतीवर. त्यात एक सानगडीचं होतं. सानगडी येथे मंडईनिमित्त भव्य नाट्यप्रयोग, आणि खाली तारीख. मी तारीख वाचली, पर्समधून तिकिटाचा कागद काढला आणि पुन्हा वाचली. तीच तारीख! मंडई आणि विमान एकाच दिवशी आली होती.

पानठेल्यावाल्याला सगळं ठाऊक होतं. नाटक मंडळी ठरलेल्या दिवशी दुसऱ्या गावाने आधीच बांधून घेतली होती. नाटकाशिवाय मंडई कशी करणार? म्हणून सानगडीकरांनी मंडईच दोन दिवस पुढे ढकलली. आजोबांच्या काळापासूनची तारीख एका नाटकासाठी हलली, आणि मला कोणी फोनसुद्धा केला नाही. मी तिथेच भाऊजींना दोन शिव्या मोजल्या, मनातल्या मनात.

मग विमान कंपनीला फोन लावला. कितीतरी वेळ एकच धून वाजत राहिली. शेवटी एक मुलगी हिंदीत बोलली. पॉइंटवाल्या जागा महिनाभर नाहीत, विकत घ्यायच्या तर भरपूर आहेत. रद्द केलं तर थोडं शुल्क कापून पॉइंट खात्यात परत, पण त्या तारखांना पुन्हा जागा मिळेलच असं नाही. "तो कॅन्सल कर दूँ, मॅम?" तिने गोड आवाजात विचारलं. मी स्टँडभर ऐकू जाईल अशी ओरडले, "हाथ मत लगाना!" बाकावरची एक म्हातारी पिशवी सांभाळून दूर सरकली.

यांनाही कळवलं. हे म्हणाले, म्हणून सांगत होतो थांब. मी फोन ठेवला. थांबले असते तर मंडई जागची हलली नसती की काय? पण घरातला माणूस बरोबर ठरायची संधी सोडत नाही.

सानगडी

लाखांदूरला गाडी बदलून दिवेलागणीला सानगडीत उतरले. बाई मागच्या अंगणात डाळ निवडत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. मी पाणी प्यायच्या आधीच ती हळूच म्हणाली, "मंडई पुढं गेली, तं विमानबी पुढं गेलं असन ना?"

मला हसू आलं आणि लगेच जीभ चावली. तिचं काय चुकलं? जन्मभर तिने हेच पाहिलं होतं. मंडई पुढे गेली की कापणीची मजुरी पुढे जाते, सोयरीक बघायला येणारे पुढे जातात, दुकानांचे बाजार पुढे जातात, शाळेलासुद्धा सुट्टी पुढे ढकलावी लागते. आमच्या भागात मंडईपुढे अडून बसणारं असं काही नसतंच. तारीख बदलल्याचं तिला आठवड्यापूर्वीच कळलं होतं, पण मला कळवावं असं तिच्या मनातही आलं नाही, कारण विमानालाही कळलंच असेल असं ती धरून चालली. मी तिला सांगितलं, बाई, विमान मंडईला ओळखत नाही. ते त्याच दिवशी जाणार, दुपारी.

ती डाळ निवडत राहिली. मग म्हणाली, रद्द कर, पुढं पाहू. मला राग आला तो असा आला! मी म्हटलं, पुढे काय पाहायचं? पुढच्या महिन्यात पल्लवी मस्कतला. तिथे कोणते पॉइंट नेणार आहेत तुला? तिने मला हळू बोलायला सांगितलं. मी हळू बोलले नाही, पण गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गावाबाहेरच्या बोडीवर गेलो. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं लहान तळं. शिंगाडे काढणं चाललं होतं. डोंग्यात बसलेला माणूस वेली उचलून शिंगाडे तोडत होता. आम्ही काठावर बसून हिरवे शिंगाडे सोलून खाल्ले. तिथे बाई मोकळी झाली. तिला भाऊजींची तेवढी भीती नव्हती. भीती होती ती बायकांची. मंडईच्या दिवशी घरची मोठी बाई घर सोडून निघाली, हे गाव वर्षानुवर्षं बोलत राहील. सुनेला ऐकून घ्यावं लागेल. मी म्हटलं, गाव बोलायचं थांबलं होतं कधी? पल्लवी गेली तेव्हा बोललं, नात झाली तेव्हा बोललं. तू दर मंडईला मान खाली घालून पाहुण्यांचे वडे तळलेस म्हणून एक शब्द कमी झाला का? ती म्हणाली, नाही झाला. पण येते असंही म्हणाली नाही.

मी तिला ओढून नेणार नव्हते, हे इथे स्पष्ट सांगते. मला अनेकांनी तेच विचारलं, की तूच तिला फूस लावलीस ना? मी तिकीट रद्द केलं नाही, एवढाच माझा गुन्हा. रात्री मी एकटीनेच ठरवलं की ती आली नाही तर मी साडी घेऊन एकटी जाईन.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे मंडईच्या आदल्या दिवशी, पाहुणे यायला लागले. अंगणात पाण्याची बादली ठेवलेली. येणाऱ्या प्रत्येक लेकीच्या पायावर पाणी घालून तिला आत घ्यायचं, हे काम बाईचं. भाऊजींच्या दोन्ही बहिणी आल्या, त्यांच्या लेकी आल्या, चुलत पुतण्या आल्या. दुपारी एक पुतणी कडेवर पोर घेऊन आली, लग्नानंतर पहिल्यांदाच. भाऊजी स्वतः पुढे झाले, तिची बॅग घेतली, पोराला उचलून खांद्यावर बसवलं आणि अख्ख्या ओसरीला दाखवत फिरले. बाई हातात लोटा घेऊन उभी होती. तिने पाणी घातलं, पुतणीला आत घेतलं, लोटा बादलीत ठेवला आणि सरळ ओसरीवर गेली. मी तिच्या मागे गेले, कारण तिची ती चाल मी लहानपणापासून ओळखते.

ती भाऊजींना म्हणाली, "उद्या सकाळी मी पल्लवीकडे जाऊन राहिली. मिनासंगं. विमानानं."

भाऊजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, जसं काही बाईच्या तोंडून मीच बोलले. मग म्हणाले, "उद्या मंडई आहे. घरी एवढे पाहुणे, अन् घरची बाई घर सोडून जाते? कायले? दुसरा दिवस नाही भेटला तुले?"

बाई म्हणाली, "दिवस तुमीच बदलला. मी दोन दिवस मंग जाणार होती. मंडईले साऱ्याइच्या लेकी येतात. माही सहा वर्षं झाली नाही आली. म्हणून मी चालली."

भाऊजी म्हणाले, तिकीट परत कर. मला बोलल्याशिवाय राहवलं नाही. मी सांगितलं, की हे तिकीट पैशाचं नाही, पॉइंटांचं आहे, ते पॉइंट बँकेतून निघाले की परत येत नाहीत, ते आता उडण्याशिवाय कशाच्याच कामाचे नाहीत. मी त्यांना बोनस सोडून सगळं सांगितलं. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. तुझ्या पॉइंटांशी मला काय करायचं आहे, असं ते म्हणाले. बाईने मात्र नीट ऐकलं होतं.

"परत नाही येत ना?" तिने मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं," बाई म्हणाली, आणि आत जाऊन ट्रंक उघडली.

त्या दिवशी भाऊजी जेवायला बसले नाहीत. त्यांच्या मोठ्या बहिणीने बाईला बरंच सुनावलं, आणि बाईने ते डाळ वाटता वाटता ऐकून घेतलं. वाटलेली डाळ सुनेने तिच्या हातून ओढून घेतली. फारसं न बोलणारी पोरगी ती. म्हणाली, "आई, तुमी जा. वडे मी पाहीन. अन् पल्लवीताईले सांगा, मी बोलावलं म्हणून." बाईचे डोळे भरले. माझेही भरले, लपवत नाही.

कारधा

उजाडता उजाडता निघालो. सून फाटकापर्यंत आली. भाऊजी ओसरीवर पाठ करून बसले होते, वळले नाहीत. भाच्याने, म्हणजे बाईच्या मुलाने, आम्हाला गाडीने साकोलीपर्यंत आणून बसमध्ये बसवलं. बाईच्या हातात साडीची पिशवी, वड्यांचा डबा आणि आंब्याच्या लोणच्याची बरणी होती.

त्या सकाळचा रस्ता मी विसरणार नाही. समोरून येणारी प्रत्येक गाडी भरलेली. मोटरसायकलवर नवरा-बायको आणि मध्ये नटवलेली पोरं, टेम्पोत उभ्या बायका, सगळे मंडयांना निघालेले. सगळी झाडीपट्टी पूर्वेला चालली होती आणि आम्ही दोघी पश्चिमेला. बाई आधी पदराने तोंड झाकून बसली होती, कोणी ओळखीचं दिसेल म्हणून. लाखनीच्या पुढे तिने पदर खाली घेतला. खिडकी उघडली आणि पाहत राहिली. म्हणाली, दिसू दे कोणाले दिसाचं तं.

कारध्याला उतरलो. पूल ओलांडला की भंडाराच, पण गाड्यांची अशी रांग लागली होती की बस हलेना. तिथे टपरीपाशी एक भाड्याची मोटार उभी होती, आणि तिला टेकून आमचे हे. मी त्यांना बोलावलं नव्हतं, फक्त बसमध्ये बसल्याचं कळवलं होतं. विमानतळापर्यंत सोडतो, म्हणाले. चहा प्यायलो, तर्रीचे पोहे खाल्ले. बाईने यांच्यासमोर डोक्यावरून पदर घेतला तो नागपूर येईपर्यंत काढला नाही. रांग सुटल्यावर पुलावरून जाताना हे म्हणाले, बोनसमध्ये हलवले असते तर आणखी एक जागा आली असती. मी विचारलं, कोणासाठी? हे बाहेर नदीकडे बघत म्हणाले, माझ्यासाठी. बाई पदरातून हसली. मी म्हटलं, तुमचा माल भाव उतरल्यावर घेऊ.

कोची

नागपूरच्या विमानतळावर तपासणीत लोणच्याची बरणी अडवली. तेलाचं आहे, हातातल्या सामानात चालणार नाही. बाईने त्या वर्दीवाल्या मुलीला विचारलं, की हे लोणचं खाऊन कोणी मेलं का आजवर? मुलीने हात जोडले पण बरणी ठेवून घेतली. बाईने तिला ते लोणचं कशासोबत खायचं तेही सांगितलं. विमानात ती घाबरेल म्हणून मी तिचा हात धरला होता, तो तिने सोडवून घेतला आणि खिडकीला नाक लावलं. वरून शेतं दिसली तेव्हा तिने एकच विचारलं, धान कुठे कुठे कापून झालं हे इथून कळतं का? मुंबईला विमान बदललं आणि संध्याकाळी कोचीला उतरलो.

पल्लवी बाहेर उभी होती, लेकीला पुढे धरून. मायलेकींचं रडणं मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. जावई उंच, हसरा, आमची भाषा येत नाही पण वाकून पाया पडला. घरी गेल्यावर बाईने सगळं घर पाहिलं. खोबरेल तेलाच्या वासाला नाक मुरडलं, माशाच्या आमटीची मात्र तारीफ केली. जेवणात जाडा, लालसर, उकड्या तांदळाचा भात होता. तिने एक शीत बोटांत चिरडून पाहिलं आणि निकाल दिला, की तांदूळ चांगला आहे, पण हे लोक भात शिजवतात की उकळतात? पूर्वीच्या बायका लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. बाईने दोनदा भात घेतला. पल्लवी नवी साडी नेसून आली तेव्हा जावयाने काठावरच्या करवतीला हात लावून बघितला आणि काहीतरी म्हणाला. पल्लवीने सांगितलं, विणणाऱ्याचं नाव विचारतो आहे.

जेवणं होता होता बाईचा फोन वाजला. भाऊजी होते. मागे ढोल वाजत होता, पाळण्याच्या भोंग्याचा आवाज येत होता, कोणीतरी माइकवरून नाटकाच्या तिकिटांचं ओरडत होतं. आम्हा सगळ्यांना ते ऐकू येत होतं. भाऊजी म्हणाले, पोहोचल्या का? बाई म्हणाली, पोहोचलो. मग फक्त ढोल. मग भाऊजींनी घसा साफ केला आणि विचारलं, "कशी आहे ते?"

पल्लवी टेबलापाशी उभी होती, हातातलं ताट तसंच धरून. मला वाटलं, बाई सांगेल, बरी आहे, आणि फोन ठेवेल. जन्मभर तिने हेच केलं, या दोघांच्या मधे उभी राहून इकडचं तिकडे पोहोचवलं.

बाई म्हणाली, "तिलेच विचारा." आणि फोन पल्लवीच्या हातात देऊन नातीला घेऊन गॅलरीत निघून गेली.